डोंगरवाट : चढाची आणि उताराची

भांडगांव हें सपाटीवरचें गांव आहे. पुण्याहून सोलापुराकडे जाणारा रस्ता यवत मागें टाकून आमच्या शिवारांतून पूर्वेकडे निघून जातो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस शेतेंच शेतें लागतात. वारीच्या दिवसांत तुकोबांची पालखी यवताहून वरवंडास जाते ती याच रस्त्यानें. तिला येथें चढ म्हणून लागत नाहीं. ज्ञानोबांच्या पालखीस मात्र पुण्याहून सासवडास जातांना दिवे घाट चढावा लागतो आणि तेथें रथास बैलांच्या जादा जोड्या जुंपाव्या लागतात. हा दिवे घाट ज्या डोंगररांगेंत आहे, तीच रांग पूर्वेकडे सरकत सरकत यवताच्या दक्षिणेस भुलेश्वरापर्यंत येते. म्हणून सपाटीवर राहणाऱ्या आमच्या मुलांसही डोंगर परका नाहीं. श्रावणांत किंवा महाशिवरात्रीस भुलेश्वरास गेला नाहीं असा मुलगा या पंचक्रोशींत विरळा.

आतां भुलेश्वराच्या माथ्यापर्यंत मोटारीचा रस्ता झालेला आहे. तरी रस्ता असतांनाही तो सोडून सरळ धारेनें वर जावें, असें मुलांस वाटतें. आणि आई-बापांस वाटतें कीं, असल्या भानगडींत पोरानें पडूंच नये. दोघांचेंही म्हणणें आम्हांस समजतें. परंतु आमच्या अनुभवाची गोष्ट अशी कीं, मनाई केलेला मुलगा बहुधा डोंगरावर जातोच. फरक इतकाच कीं तो न सांगतां जातो, पाणी न घेतां जातो, आणि कोणत्या बाजूनें गेला हें घरीं कोणास ठाऊक नसतें. त्यापेक्षां डोंगर कसा चढावा, आणि त्याहूनही अधिक म्हणजे कसा उतरावा, हें त्यास नीट समजावून दिलेलें बरें. या लेखाचा हेतु तेवढाच आहे.

प्रथम हा डोंगर असा कां, हें पाहूं. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं आपल्या या भूमीवर ठिकठिकाणच्या भेगांतून तप्त शिलारस वर आला आणि थरावर थर पसरत गेला. एक थर निवावा, मग त्यावर दुसरा यावा, असें दीर्घकाळ चाललें. त्या शिलारसाचा झालेला दगड म्हणजेच आपला काळा कातळ. सर्व थर सारखे नाहींत. कांहीं घट्ट व कठीण आहेत. कांहींत निवतांना वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळें ते सच्छिद्र व ठिसूळ झाले आहेत. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीची पट्टीही आढळते. पाऊस, ऊन आणि वारा यांनीं ठिसूळ थर लवकर झिजतो व कठीण थर तसाच उभा राहतो. त्यामुळें सह्याद्रीच्या अंगावर एकाआड एक कडा आणि उतार, कडा आणि उतार, अशी रचना दिसते. लांबून पाहिलें तर एखाद्या राक्षसासाठीं जिना बांधिला आहे असें वाटावें. युरोपांतील शास्त्रज्ञांनींही या दगडास ‘ट्रॅप’ हें नांव दिलें तें स्वीडनच्या भाषेंतील ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना या शब्दावरूनच.

डोंगर चढणाऱ्यास ही माहिती केवळ परीक्षेपुरती नाहीं. ज्यास थरांची रचना ठाऊक आहे, तो खालीं उभा राहूनच वाट वाचूं शकतो. जेथें उतार आहे तेथें पायांचें काम आहे. जेथें काळी उभी पट्टी दिसते तेथें कातळ आहे व तेथें हात लावावे लागतील. आणि कड्याच्या पायथ्याशीं जो तुटलेल्या दगडांचा ढीग पसरलेला दिसतो तेथें पाय सरकणार आहे. आमच्या लोकांनीं या प्रत्येक अवयवास नांव देऊन ठेविलें आहे. डोंगराचा जो भाग पुढें लांब उतरत येतो ती सोंड. दोन कड्यांच्या मधून पाणी उतरून जी अरुंद चीर पडते ती नाळ. दोन शिखरांमधील खोलगट जागा ती खिंड. दोन्ही बाजूंस उतार असलेला चिंचोळा माथा ती धार. धनगर व गुराखी हे शब्द लहानपणींच शिकतात. वाट विचारतांना आपण हेच शब्द वापरले, तर तेही नेमकें उत्तर देतात. सोंडेवरची वाट लांब पण उघडी असते. नाळेची वाट जवळची पण दगडगोट्यांची असते, आणि पावसांत तर ती वाट नसून ओढाच असतो. प्रथमच जाणाऱ्यानें नाळ सोडून सोंड धरावी, असें आमचें मत आहे.

आतां चढाविषयीं. मुलें पायथ्याशीं धांवत सुटतात आणि अर्ध्या वाटेवर तोंडें लाल करून बसतात. चढ लागतांच हृदय व फुप्फुसें यांचें काम एकदम वाढतें. त्यांस त्या कामाची संवय होण्यास दहा-पंधरा मिनिटें लागतात. ती मुदत त्यांस दिली नाहीं तर पुढचा सर्व दिवस त्याची भरपाई करण्यांत जातो. म्हणून पहिला पाव तास मुद्दाम हळू चालावें, इतकें हळू कीं शेजाऱ्याशीं बोलतां आलें पाहिजे. बोलतांना वाक्य तुटूं लागलें कीं चाल जास्त झाली असें समजावें. याहून स्वस्त व बिनचूक मापन-यंत्र आम्हांस ठाऊक नाहीं. पाऊल लहान टाकावें. मोठ्या दगडावर एकदम चढण्यापेक्षां त्याच्या बाजूनें दोन लहान पाउलांत वर जावें. पाऊल टेकल्यावर क्षणभर मागचा गुडघा सरळ करून वजन हाडांवर घ्यावें, म्हणजे मांडीच्या स्नायूंस तेवढीच विश्रांति मिळते. म्हातारे वारकरी घाट चढतांना नेमके हेंच करतात.

चढास वेळ किती लागेल याचा एक जुना आडाखा आहे. स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानें तो इ. स. १८९२ मध्यें सांगितला. दर तीन मैल चालीस एक तास, आणि त्याखेरीज दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. उदाहरणार्थ, सिंहगडाचा चढ आतकरवाडीकडून सुमारे दोन हजार फूट आहे व अंतर दोन मैलांहून थोडें कमी. म्हणजे हिशेबानें दीड तासापेक्षां थोडा अधिक वेळ झाला. पुण्यांतील नित्य जाणारे लोक याहून पुष्कळ लवकर वर पोंचतात. परंतु शाळकरी मुलांच्या तुकडीस आडाख्याच्या दीडपट वेळ धरावा. कारण तुकडीची चाल ही तींतील सर्वांत मंद मुलाची चाल असते. त्यानें कधींही शेवटीं चालूं नये. त्यास पुढून दुसरा ठेवावा आणि शेवटीं एखादा जाणता मनुष्य असावा. ज्या तुकडींत दांडगे पुढें पळतात व दमलेला एकटा मागें राहतो, ती तुकडी नसून पांगापांग होय.

घसाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. वाटेवर मुरुमाचे बारीक खडे कातळावर पसरलेले असले, म्हणजे फरशीवर ज्वारी सांडल्यासारखें होतें. पावसाळ्यानंतर वाळलेलें गवतही तसेंच. तें उताराच्या दिशेनें आडवें पडतें आणि त्यावरून पाय तेल लावल्यासारखा जातो. सुटे दगड ढिगाऱ्याच्या रूपानें फार तर पस्तीस अंशांच्या आसपासच्या उतारावर टिकून राहतात; त्याहून उतार वाढला कीं ते आपोआप खालीं येतात. म्हणून कड्याखालचा ढीग नेहमीं त्या हद्दीवरच उभा असतो, आणि आपल्या पायाचा जरासा धक्काही त्यास पुरेसा होतो.

येथें भित्र्या मनुष्याची एक स्वाभाविक चूक होते. पाय सरकूं लागला कीं तो डोंगराकडे वांकतो, अंग जमिनीस चिकटवूं पाहतो. त्यास वाटतें, जमीन जवळ आली म्हणजे आपण सुरक्षित. वास्तविक उलट घडतें. भिंतीस टेकलेली शिडी आठवा. शिडीचा पाय भिंतीपासून फार दूर ठेविला तर तो बाहेरच्या बाजूस निसटतो. शिडी जितकी उभी, तितका तिचा पाय जमिनींत घट्ट. मनुष्याचेंही तसेंच आहे. तो डोंगराकडे वांकला कीं त्याचें वजन पाउलांस बाहेर ढकलतें. तो सरळ उभा राहिला कीं तेंच वजन पाउलांस खालीं दाबतें, आणि दाब जितका अधिक तितकी पकड अधिक. म्हणून घसाऱ्यावर छाती वर, नजर चार पावलें पुढें, आणि सबंध तळवा जमिनीवर. वहाणा गुळगुळीत तळाच्या असतील तर त्या त्या दिवशीं घरींच ठेवाव्या. खोल खांचांच्या तळाचे बूट असावे व ते नवे कोरे नसावे. घसाऱ्यावर एकामागें एक सरळ रेषेंत चालूं नये. वरच्याच्या पायानें सुटलेला दगड खालच्याच्या डोक्याकडेच येतो. दगड सुटला तर लाज न बाळगतां ‘दगड! दगड!’ अशी मोठ्यानें हांक द्यावी, आणि खालच्यानें वर न पाहतां डोकें वांचवावें.

याच्या वर कातळ. येथें मुलांच्या मनांत असा समज असतो कीं, कातळ हातांनीं चढावयाचा असतो. झाडावर चढण्याची संवय असल्यामुळें तो होतो. हातांचे स्नायु लहान. त्यांवर अंगाचें वजन टाकलें तर थोड्याच वेळांत बोटें उघडतात. मांड्यांचे स्नायु मोठे. ते दिवसभर आपणांस उचलून नेतात. तेव्हां कातळावरही चढावयाचें तें पायांनींच; हातांचें काम तोल राखण्याचें. हात डोक्याच्या फार वर ताणूं नयेत. ते छातीच्या उंचीवर असले कीं रक्तही वाहतें आणि पुढचें पाऊल कोठें ठेवावें तें पाहण्यास डोकें मोकळें राहतें. पोट कातळास चिकटवूं नये, कारण मग स्वतःचेच पाय दिसत नाहींत.

दोन हात व दोन पाय मिळून आपल्यापाशीं चार आधार आहेत. त्यांपैकीं एका वेळीं एकच हलवावा. उरलेले तीन पक्के असावे. एक हात व एक पाय एकदम उचलला कीं उरलेल्या दोहोंपैकीं एक जरी सुटला तरी काम संपलें. हा नियम जगभरचे गिर्यारोहक पाळतात, आणि तो शिकण्यास कडा लागत नाहीं. शाळेच्या पटांगणांतील चार फुटी दगडावर आडवें आडवें सरकूनही तो अंगीं बाणतो. किंबहुना तो तेथेंच शिकावा.

खोबणींत हात घालण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. एक म्हणजे डोळ्यांनीं पाहावें, कारण त्या गारव्यांत विंचू व साप बसतात. दुसरें म्हणजे दगड बोटांच्या सांध्यांनीं ठोकून पाहावा. आमचा काळा कातळ घट्ट असला तरी शिलारस निवतांना त्यास उभ्या चिरा पडलेल्या असतात, आणि पाऊस व ऊन यांनीं त्या रुंदावतात. त्यामुळें वरून अखंड दिसणारा दगड आंतून सुटा असूं शकतो. घट्ट दगडाचा आवाज भरीव येतो. सुट्याचा पोकळ, मडक्यासारखा. पोकळ बोलला कीं त्यावर ओढ देऊं नये. अगदींच इलाज नसेल तर तो खालीं दाबावा, बाहेर ओढूं नये. ओढला कीं तो आपल्यासह येतो.

आपल्या पूर्वजांनीं अशा जागीं पायऱ्या कोरल्या. त्र्यंबकेश्वराजवळील हरिहर गडाच्या पायऱ्या इतक्या उभ्या आहेत कीं त्या शिडीसारख्याच चढाव्या लागतात, आणि प्रत्येक पायरीस दोन्ही बाजूंनीं बोटें अडकविण्यास खोबण्या ठेविल्या आहेत. त्या कोरणाऱ्या पाथरवटास तीन आधारांचा नियम कोणी शिकविला नव्हता, पण त्याच्या छिन्नीस तो ठाऊक होता असें म्हणावें लागतें. इ. स. १८१८ मध्यें मराठी राज्य बुडाल्यावर इंग्रजांनीं अनेक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंगानें उडविल्या, म्हणजे तेथें पुन्हां कोणी ठाणें मांडूं नये. हरिहराच्या पायऱ्या वांचल्या. अलंग व मदन या गडांच्या वाटा मात्र तुटल्या, आणि तेथें आज दोर लावूनच चढावें लागतें. कळसूबाई हें १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंचीचें महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर. त्याच्या कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत, म्हणून तेथें बायामुलेंही देवीच्या दर्शनास जातात. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. दोन डोंगर उंचीनें सारखे असले तरी त्यांच्या वाटा सारख्या नसतात. ‘अमका गड मी चढलों, तेव्हां तमकाही चढेन’ हा हिशेब चुकीचा आहे. मुलानें परवानगी मागितली तर आई-बापांनीं उंची विचारूं नये. वाटेवर हात लावावे लागतात काय, आणि लागत असल्यास दोर व तो बांधणारा जाणता मनुष्य बरोबर आहे काय, हें विचारावें.

आतां आम्ही मुख्य गोष्टीकडे येतों. लोक चढाची भीति बाळगतात व उतार म्हणजे सुट्टी समजतात. वस्तुतः डोंगरावरील अपघात पुष्कळसे उतरतांना होतात, आणि त्यास कारणेंही आहेत. चढतांना डोळे वाटेच्या जवळ असतात; हात कोठें, पाय कोठें, सर्व समोर दिसतें. उतरतांना पाऊल डोळ्यांपासून दूर, शरीराच्या खालीं पडतें. चढतांना छाती दमते, आणि दम लागलेला मनुष्य आपण होऊन थांबतो. उतरतांना दम लागत नाहीं, म्हणून तो थांबत नाहीं. पण मांड्या मुकाट्यानें थकत असतात. विहिरींत भरलेली घागर सोडतांना दोर हातांतून एकदम जाऊं न देतां आवळीत आवळीत सोडावा लागतो. तसे मांडीचे स्नायु उताराच्या प्रत्येक पावलास ताणले जात असतांनाच शरीराचें वजन धरून ठेवीत असतात. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना मांड्या दुखतात त्या यामुळें; चढाचें तें दुखणें नव्हे. शिवाय शिखर झालें, आतां घरीं जावयाचें, या विचारानें मन सैल पडतें. थकलेले पाय, सैल मन आणि कलती उन्हें ही तिन्ही एकाच वेळीं जमतात.

आल्प्स पर्वतांतील मॅटरहॉर्न हें १४,६९२ फूट उंचीचें शिखर दीर्घकाळ अजिंक्य होतें. ता. १४ जुलै १८६५ रोजीं एडवर्ड व्हिंपर व त्याचे सहा सोबती, असे सात जण प्रथम त्यावर पोंचले. वर जातांना कोणास इजा झाली नाहीं. उतरतांना त्यांच्यांतील सर्वांत कमी अनुभवाचा तरुण घसरला, तो दुसऱ्यावर आदळला, एका दोरांत बांधलेले आणखी दोघे ओढले गेले, आणि दोर मध्येंच तुटून चौघे जण खालच्या हिमनदीवर कोसळले. जो दोर तुटला तो त्यांच्याजवळच्या दोरांपैकीं सर्वांत कच्चा होता, असें मागाहून आढळून आलें. 

आपल्याकडे सिंहगडाची कथा सर्वांस ठाऊक आहे. ता. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांनीं मावळ्यांसह कडा चढून गड घेतला व स्वतः देह ठेविला. घोरपडीच्या कमरेस दोर बांधून तिला वर सोडिल्याची कथा पोवाड्यांनीं घरोघर पोंचविली; तिच्यावर इतिहासकारांचा भरंवसा नाहीं, आणि आजच्या मुलांनीं तर त्या गरीब प्राण्याच्या वाटेस जाऊंच नये, कारण घोरपडीस आतां कायद्याचें संरक्षण आहे. त्याच कथेंत, तानाजी पडल्यावर मावळे कड्याकडे परत फिरले तेव्हां सूर्याजीनें दोर कापून टाकल्याचें सांगितलें आहे. परतीचे दोर कापणें हा वाक्प्रचार आपण वापरतों. रणांत तें शौर्य होय. परंतु आमची मुलें गड घेण्यास जात नाहींत. त्यांस संध्याकाळीं घरीं जेवावयाचें असतें. त्यांनीं प्रत्येक टप्प्यावर मागें वळून पाहावें आणि स्वतःस विचारावें, हें मला उतरतां येईल काय? येत नसेल तर वाट तेथेंच संपली. मांजर झाडावर चढतें आणि वर बसून ओरडतें, हें दृश्य सर्वांनीं पाहिलें आहे. मनुष्याचें शरीर या बाबतींत मांजरापेक्षां फारसें शहाणें नाहीं.

म्हणूनच आम्हांस रायगडच्या हिरकणीची लोककथा चढाईच्या कथांपेक्षां अधिक विचार करण्याजोगी वाटते. दूध विकण्यास गडावर आलेली ती गवळण दरवाजे बंद झाल्यामुळें अडकली, घरीं तान्हें मूल होतें, आणि ती रात्रीं कड्यावरून खालीं उतरली. महाराजांनीं तिच्या धैर्याचें कौतुक करून त्या जागीं बुरूज बांधविला, असें सांगतात. हिरकणी बुरूज रायगडावर आजही आहे. लोकांनीं तिच्या चढण्याची नव्हे, उतरण्याची आठवण ठेविली. कोणतें काम कठीण हें त्यांस बरोबर कळलें होतें. अर्थात् तिच्यापुढें मूल होतें. तिच्या कृत्याचें अनुकरण सहलीच्या मुलांनीं करूं नये.

उतरण्याची रीत थोडक्यांत अशी. साध्या उतारावर तोंड दरीकडे, गुडघे किंचित् वांकलेले, पावलें आंखूड, आणि धांव मुळींच नाहीं. उतार वाढला कीं आडवें व्हावें, म्हणजे एक खांदा डोंगराकडे व एक दरीकडे. कातळ आला कीं तोंड कातळाकडे करून शिडी उतरल्याप्रमाणें उतरावें. पुष्कळांस हें कमीपणाचें वाटतें व ते बसून घसरत येतात. त्यानें विजारही जाते आणि तोलही जातो. काठी उतारावर फार उपयोगी, गुडघ्यांवरचा भार ती हलका करते. परंतु कातळाशीं आल्यावर ती आधीं खालीं टाकावी, हातांत धरूं नये. कातळावर जाणता मनुष्य चढतांना पुढें असावा आणि उतरतांना शेवटीं. अननुभवी मुलाच्या खालीं मात्र दुसरा कोणी तरी असावा, जो त्यास पाय कोठें ठेवावा तें सांगेल.

बाकीच्या गोष्टी संक्षेपानें. पाणी दर माणशीं निदान दोन लिटर घ्यावें, आणि उन्हाळ्यांत याहून अधिक. त्यांतील निम्में शिखरावर पोंचण्यापूर्वीं संपूं देऊं नये. गडावरील टाक्यांच्या पाण्यावर भिस्त ठेवूं नये. आमचा हा भाग पर्जन्यछायेंतील. झाडी थोडी, त्यामुळें दहा वाजल्यानंतर कातळ तव्यासारखा तापतो. घाम येणें थांबलें, डोकें दुखूं लागलें, मूल असंबद्ध बोलूं लागलें, तर त्यास तत्काळ सांवलींत निजवून अंग ओलें करावें, वारा घालावा व मदत मागवावी. शिखराची गोष्ट पुन्हां काढूं नये. वैशाखांत वळवाचे ढग बहुधा दुपारनंतर जमतात. गडगडाट ऐकूं आला कीं धार व एकटें झाड दोन्ही सोडून खालीं यावें. पावसाळ्यांत कातळावर शेवाळ धरतें आणि ज्या वाटेनें मूल माघांत गेलें तीच वाट श्रावणांत त्यास टाकून देते.

आग्या मधमाश्यांविषयीं मात्र चार शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण त्या सह्याद्रीच्या कड्यांवर व गडांच्या कमानींखालीं मोठमोठीं पोळीं लावतात, आणि मुलांस पोळें दिसलें कीं हात दगडाकडे जातो. या माश्या शेंकड्यांनीं पाठलाग करतात. धूर, उग्र अत्तर व आरडाओरड यांनींही त्या चवताळतात. कड्यावर उभ्या असलेल्या मनुष्यास दंशापेक्षां दंशाच्या भीतीनें केलेली उडी घातक होते. पोळें दिसलें तर बोलणें बंद करून दुरून जावें. हल्ला झालाच तर हात न हलवितां डोकें व तोंड कापडानें झांकून घ्यावें आणि पाय सांभाळून शक्य तितक्या लवकर त्या जागेपासून लांब व्हावें.

इतकें सर्व वाचून एखादी आई म्हणेल, मग नकोच तो डोंगर! तिला आम्ही एवढेंच सांगूं कीं, पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या संस्थेचे आठ जण ता. १९ मे २०१२ रोजीं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले, त्या संस्थेची जडणघडण याच आपल्या सह्याद्रीच्या कातळांवर झालेली आहे. त्यांच्यासारखे लोक धाडसी म्हणून ओळखले जातात. पण त्यांच्यांतील कोणाशीं बोलण्याचा योग आला तर मुलांनीं त्यास किती वेळां चढलांत असें न विचारतां, किती वेळां परत फिरलांत, असें विचारावें.

आमच्या मुलांस आरंभ करण्यास भुलेश्वर उत्तम आहे. चढ बेताचा, पायथ्याशीं वस्ती, आणि वरून दमलेल्या मुलास गाडीरस्त्यानें खालीं आणतां येतें, ही सोय दुसऱ्या डोंगरावर सहसा मिळत नाहीं. मार्गशीर्ष-पौषाचे दिवस निवडावे. हवा थंड व आकाश स्वच्छ असतें. मात्र त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो व डोंगराच्या पूर्वेच्या अंगास त्याआधींच सांवली पडते, म्हणून दुपारीं दोन वाजतां, जेथें असूं तेथून, परत फिरावें. पहांटे निघालें तर वर तासभर सहज मिळतो. सतराव्या शतकांत मुरार जगदेवानें या डोंगरावर दौलतमंगळ नांवाचा किल्ला बांधिला होता. त्याचे बुरूज व तटबंदीचे अवशेष पाहावे. मंदिरांत शिरल्यावर डोळे अंधारास सरावूं द्यावे आणि मग भिंतींवरील शिल्पें सावकाश पाहावीं. त्यांत गणेशाची स्त्रीरूपांतील मूर्ति आहे. ती उंचावर असल्यामुळें पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. हें सर्व कोरीव काम ज्या काळ्या दगडांत केलें आहे, तोच दगड बाहेर आल्यावर पुन्हां पायांखालीं असतो.